आवडत्या पदार्थांच्या गोळ्या काढायच्या झाल्या तर?

चमचाभर

मंडळी, रोज सकाळी मला गोळ्या गिळाव्या लागतात. एक पांढरी, एक पांढरट आणि एक अशी, की तिच्या रंगाला काय म्हणावं हे बनवणाऱ्यालाही सुचलं नसावं. पेलाभर पाणी, मान मागे, गट्ट. यातली एकही गोळी कशाची तरी आहे असं वाटतच नाही. म्हणून हल्ली डोक्यात एक रिकामा उद्योग चालू आहे : आवडत्या पदार्थांच्या गोळ्या.

जेवणाऐवजी गोळी नव्हे हं. पोट भरण्याशी मला काही देणंघेणं नाही. चिमटीत मावेल इतकाच पदार्थ हवा, आणि तोही अख्खा नको. त्यातला जो भाग आपल्याला मनापासून आवडतो, तेवढाच.

माझी सध्याची डबी अशी :

टोस्टची करपलेली कड. मधला मऊ भाग ज्यांना हवा त्यांना द्या. मला कड, आणि सुरीने खरवडताना ताटलीत पडणारा काळा चुरा.

चिप्सच्या पाकिटाच्या तळाशी साठलेला भुगा. मीठ-मसाला सगळा तिथे असतो, वरचे गोल काप म्हणजे नुसता देखावा.

कॉफीचा पहिला घोट. दुसऱ्या घोटापासून पुढे ती सवय असते. कॅफीनच्या गोळ्या बाजारात आहेत, पण त्यात परिणाम आहे आणि चव नाही. मला नेमकं उलटं पाहिजे.

केक भट्टीत जायच्या आधी भांड्याला चिकटून राहिलेलं मिश्रण. (कच्चं अंडं आणि कच्चा मैदा दोन्ही बाधू शकतात हे लिहायला कोणीतरी येणारच. माझ्या गोळीत ते निर्जंतुक असेल, निश्चिंत असा.)

लोणच्याच्या बाटलीतला खार. फोड नको, खार.

आणि ही सगळ्यात महागडी : दुसऱ्याच्या ताटातला तळलेला बटाट्याचा काप. आपल्या ताटातल्या कापाला ती चव कधीच नसते. ही गोळी स्वतःसाठी विकत घेता येणार नाही. दुसऱ्याला घेऊ द्यायची, मग त्याचं लक्ष नसताना त्याच्या डबीतून उचलायची.

सोबतचा तो चौदा घड्यांचा बारीक अक्षरांचा कागद पण मी लिहून ठेवलाय. "जेवणाआधी घ्यावी. जेवण बेचव निघाल्यास जेवताना घ्यावी. डोस चुकल्यास हळहळावे, दुप्पट डोस घेऊ नये."

आता खरे प्रश्न. एका गोळीत माल मावतो तरी किती? तेवढ्यात चव कळेल? आणि तुमच्या डबीत काय काय असेल?

कोटिंगपॅन

ताई, गोळ्या बनवण्याच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे वाईट बातमी माझ्याकडूनच ऐका. गिळायची गोळी कशाचीही केलीत तरी चव शून्य. औषधाच्या गोळीवर थर चढवतात त्यामागे चव कळू नये हाही एक हेतू असतो. आम्ही ज्यासाठी जन्म घालवला, तुम्हाला नेमकं त्याच्या उलट हवंय.

आपण चव म्हणतो त्यातला मोठा हिस्सा वासाचा. चावताना वास घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढतो. नाक घट्ट धरून फळाच्या स्वादाची जेली खाऊन बघा. गोड कळेल, आंबट कळेल, पण संत्रं की स्ट्रॉबेरी ते सांगता येणार नाही. नाक सोडलंत की फळ हजर. गट्ट केलेली कॅप्सूल या रस्त्याला वळतच नाही. पोटात जाऊन काही मिनिटांनी उघडते, आणि तिथे आस्वाद घ्यायला कोणी बसलेलं नाही.

माल किती मावतो, तर कॅप्सूलचे नंबर उलटे चालतात. ५ नंबर सगळ्यात बारीक, त्यात साधारण ०.१३ मिली. मग ४, ३ असं करत ०, त्यापुढे ०० म्हणजे ०.९ मिलीच्या आसपास, आणि ००० म्हणजे १.३७. माणसांसाठी ०० च्या वर सहसा जात नाहीत, लोक घशात अडकल्याची तक्रार करतात. ०० मध्ये कोरडी पूड भरली तर अर्धा ग्रॅम धरा, पूड किती हलकी त्यावर कमीजास्त. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्के पाणीच असतं. एक मध्यम फळ गोठवून, निर्वातात त्यातला बर्फ उडवून वाळवलं तर जेमतेम ग्रॅमभर उरतं. म्हणजे एक स्ट्रॉबेरी, दोन-तीन कॅप्सूल.

पण माप कमी आहे म्हणून चव कळणार नाही, असं समजू नका. वासाच्या बाबतीत नाक फार काटेकोर आहे. टोस्टच्या कडेचा आणि पॉपकॉर्नचा जो भाजका वास, त्यातला एक मुख्य रेणू २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलीन. पाण्यात तो अब्जात दशांश भाग असला तरी माणसाला जाणवतो. म्हणजे एक ग्रॅम एक कोटी लिटर पाण्यात कालवा, तरी नाक म्हणेल की काहीतरी भाजलंय. तुमचा चिमूटभर काळा चुरा म्हणजे खरं तर उधळपट्टी झाली.

तेव्हा गिळायची नको. चघळायची, चावायची किंवा जिभेवर विरघळणारी काढा. जिभेवर अर्ध्या मिनिटाच्या आत विरघळणाऱ्या गोळ्या आम्ही बनवतच असतो.

शंकासुर

चघळायची, गोड-खारट, रंगीत, डबीत मावणारी. अहो, याला गोळ्या-बिस्किटांच्या दुकानात काचेची बरणी म्हणतात. धाग्याची गरज काय?

बाकी जेवणाच्या गोळीचं खूळ तुम्ही बाजूला सारलंत ते बरं केलंत. १८९३ साली अमेरिकेत मेरी एलिझाबेथ लीज नावाच्या बाईंनी १९९३ सालाबद्दल भाकीत केलं होतं, की धान्या-फळांचं सत्त्व एका छोट्या कुपीत मिळेल, त्यावर माणूस कित्येक दिवस काढेल आणि स्वयंपाकाची कटकट संपेल. पुढच्याच वर्षी बर्तलो हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ इ.स. २००० साठी असंच काहीसं बोलला. दोघांनी गुणाकार केला नसावा. सगळ्यात जास्त उष्मांक तेल-तुपात, ग्रॅमला ९. वरच्या ०० नंबरात तेल भरलं तर पाऊण ग्रॅमपेक्षा थोडं जास्त बसेल, म्हणजे साडेसात उष्मांक. दिवसाला २००० हवे असतील तर पावणेतीनशेच्या आसपास कॅप्सूल. एवढ्या गिळायला पाणी लागेल त्यानेच पोट भरेल.

चमचाभर

@कोटिंगपॅन, एक कोटी लिटर! आता टोस्ट करपला की मी पोहण्याचे तलाव मोजणार. धन्यवाद, गिळायचा मुद्दा पटला. चघळायची करू.

@शंकासुर, बरणीचा मुद्दा मी अपेक्षितच धरला होता. फरक आहे, आणि माझ्या मते सगळी गंमत त्या फरकातच आहे.

बरणीतलं एक खाल्लं की हात दुसऱ्यासाठी आपोआप जातो. गोळी ही तोंडात घालायची एकमेव वस्तू आहे जिच्यानंतर अजून एक द्या असं कोणी म्हणत नाही. सकाळी एक लिहिलंय ना, मग सकाळी एक. वाटी नाही, ताट नाही, आग्रह नाही, संपवायचा धाक नाही. मला पथ्य आहे (कशाचं ते सांगत नाही, इथे सल्ले सुरू होतील), आणि पथ्यात खरा त्रास न खाण्याचा नसतो. थोडंसं खाऊन थांबण्याचा असतो. बिस्किटाचा चतकोर तुकडा खाऊन पुडा बंद करणं ज्यांना जमतं ते लोक निराळे. मला ते जमत नाही, पण अर्धी गोळी मी विनातक्रार सुरीने कापून घेते आणि उरलेली अर्धी स्ट्रिपमध्ये गप परत जाते. तिच्याकडे दुपारभर लक्षसुद्धा जात नाही.

शिवाय पहिल्या घासाचं शास्त्रही माझ्या बाजूने आहे. एकच पदार्थ खात राहिलं की त्याची गोडी घासागणिक उतरते, आणि न खाल्लेल्या पदार्थांची मात्र तशीच राहते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ च्या सुमारास हे नीट तपासून मांडलं. म्हणूनच पोट तुडुंब भरलेला माणूस गोडाला नाही म्हणत नाही. तर मी म्हणते, ज्या घासाची गोडी सगळ्यात जास्त तेवढा घास ठेवा, बाकीचं ताट रद्द.

अवांतर : बरणीवाल्याकडे करपलेल्या कडेच्या स्वादाची गोळी मागून बघा आणि तो काय म्हणतो ते इथे कळवा.

उचकी

गिळायच्या गोळ्या इतक्या लवकर निकालात काढू नका. काही पदार्थ तोंडाला टाळून गेले तरी बोलतात.

लसूण घ्या. लसणाची कॅप्सूल न चावता गिळली तरी काही वेळाने श्वासाला वास येतोच. त्यातला अलिल मिथिल सल्फाइड हा रेणू पचनात मोडत नाही, रक्तात जातो आणि फुप्फुसातून बाहेर पडतो, तोही कित्येक तास. चूळ भरून, दात घासून उपयोग नाही, कारण वास तोंडातून उगम पावतच नाही. (दूध किंवा कच्चं सफरचंद बरोबर खाल्लं तर कमी होतो.) ज्यांना लसूण आवडतो त्यांच्यासाठी ही सकाळी घेऊन संध्याकाळपर्यंत पुरणारी गोळी. बरोबर राहणाऱ्यांची संमती घ्यावी.

माशाच्या तेलाची कॅप्सूल ज्यांनी घेतली आहे त्यांना ढेकर या प्रकाराबद्दल वेगळं सांगायला नको.

पेपरमिंटच्या तेलाच्या कॅप्सूल तर खरोखर औषध म्हणून मिळतात, चिडक्या आतड्यांसाठी. त्यांना असं आवरण देतात की जठरात न उघडता थेट आतड्यात उघडाव्यात. जठरात उघडल्या तर छातीत जळजळ होऊ शकते.

आणि तिखट. तिखट मुळात चव नाही, जळजळ आहे. साधारण ४३ अंशांपुढचा चटका ज्या रिसेप्टरमुळे कळतो, मिरचीतलं कॅप्सेसिन त्यालाच जाऊन धरतं. तो रिसेप्टर फक्त जिभेवर नाही, पुढेही सगळीकडे आहे. तोंड चुकवून बसलात तरी शेवटच्या स्टेशनवर तिकीट तपासलं जातं. जास्त तपशिलात जात नाही, लोक जेवताना धागे वाचतात.

गंमत म्हणजे गोड-कडू ओळखणारे रिसेप्टर आतड्यातही सापडलेत, पण ते मेंदूकडे चवीचा निरोप पाठवत नाहीत. त्यांची कामं निराळी, संप्रेरकं वगैरे. म्हणजे ताई, तुमचा केक आत कोणाला तरी कळतो. तुम्हाला सांगत नाहीत एवढंच.

मधलीसुट्टी

उचकीराव, +१. ढेकरेवर चालणाऱ्या गोळ्यांचा वेगळा विभाग काढू या. कॉफीच्या गोळीसाठी तर मला तोच मार्ग बरा वाटतो, दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये आपोआप.

माझी डबी :

दोन थरांची गोळी, वर खारवलेला शेंगदाणा, खाली चॉकलेट. क्रम महत्त्वाचा. उलटी ठेवून चघळली तर पैसे परत नाहीत.

गरम पावावर वितळायला लागलेलं पण अजून वितळून न संपलेलं लोणी. ही गोळी बनल्यापासून दीड मिनिटात घ्यावी लागेल. वितरण कसं करायचं ते कोटिंगपॅन बघतील.

आईस्क्रीमच्या कोनाचं टोक, जिथे सगळं ओघळून साचतं.

सुपाच्या वाटीवरची वाफ. आत काहीच नाही, रिकामी कॅप्सूल, नाकाशी धरून फोडायची. वरचं वाचल्यावर वाटतंय की हीच सगळ्यात जास्त चालेल.

आणि या जातीच्या दोन गोळ्या निसर्गात तयारच आहेत. पश्चिम आफ्रिकेत एक लाल बोराएवढं फळ होतं, त्यातल्या मिरॅक्युलिन या प्रथिनामुळे जिभेला आंबट ते गोड लागतं. वाळवलेल्या गराच्या गोळ्या मिळतात. एक जिभेवर विरघळवायची आणि मग लिंबाची फोड चोखायची. फोड गोड! परिणाम अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत टिकतो. गोळीला स्वतःची चव नगण्य, पण पुढचं सगळं बदलून टाकते. दुसरी गुडमार ऊर्फ मधुनाशिनी, तिचं पान चावलं की काही काळ साखर वाळूसारखी लागते. ताईंच्या पथ्याला ही दुसरी जास्त उपयोगी पडेल, पण ती भेट म्हणून द्यायची हिंमत माझ्यात नाही.

शंकासुर

होमिओपॅथीवाले पोचायच्या आत धागा वाचनमात्र करा. नाहीतर कोणीतरी ३०सी चं, म्हणजे शंभरपट पातळ करायचं काम तीस वेळा केलेलं, चॉकलेट काढेल. १२सी च्या पुढे मूळ पदार्थाचा एखादा रेणू सापडायचीही खात्री नसते. पथ्याला मात्र उत्तम. हलके घ्या.

थांबण्याबद्दल लिहिलंत ते मात्र डोक्यात घोळतंय. खोकल्याची गोळी चघळायला गोडच असते, पण दोन झाल्या की मी पाकीट बाजूला ठेवतो. तेच पाकीट बरणीत ओतलं असतं तर संपवलं असतं. तर ठीक आहे, फरक आहे. बरणीवाल्याला मी विचारणार नाही.

कोटिंगपॅन

दोघा-तिघांच्या फर्माइशी बघितल्या. काय जमेल ते सांगतो.

करपलेली कड : सगळ्यात सोपी. पाव म्हणजे मुख्यतः स्टार्च, आणि स्टार्च आमच्याकडे गोळीत पडतोच. कोरडा असताना गोळी बांधायला मदत करतो आणि ओल लागली की फुगून ती फोडतो. त्यामुळे कडक वाळवलेल्या कडेची बारीक पूड पंचखाली, म्हणजे यंत्राच्या दट्ट्याखाली, दाबली की अर्धं काम झालं. अडचण गोडव्याची. चावायच्या गोळ्यांत बहुतेकदा मॅनिटॉल घालतात. ते विरघळताना उष्णता ओढून घेतं, जिभेला गार लागतं. पुदिन्याच्या गोळीत ते झकास, पण गार लागणारा टोस्ट कोणाला हवाय? तिथे सेल्युलोज घातलं तर पुठ्ठा चावल्याचा भास. मी म्हणेन काहीच घालू नका, कड आणि मीठ. गोळी थोडी भुसभुशीत होईल, पण टोस्टकडून तेवढीच अपेक्षा असते.

चिप्सचा भुगा : दाबून होणार नाही. चिप्समध्ये तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास तेल असतं. दाब दिला की तेल बाहेर येणार, माल पंचला चिकटणार, नाहीतर गोळीची टोपी उडणार. आम्ही त्याला कॅपिंग म्हणतो आणि त्यापायी रात्रपाळीत लोकांचे आवाज चढतात. कॅप्सूलमध्ये सैल भरा आणि खाताना कॅप्सूल उघडून जिभेवर ओता.

लोणच्याचा खार : जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये अजिबात नको. त्या टरफलातच १३ ते १६ टक्के पाणी असतं आणि ते तेवढंच राहावं लागतं. ओला माल भरला तर टरफल लोळागोळा होतं. उलट अगदी कोरडी, पाणी ओढणारी पूड भरली, म्हणजे वरची स्ट्रॉबेरी, तर ती टरफलातलं पाणी पिते आणि कॅप्सूल बोटात तडकते. तिथे वनस्पतीपासून केलेलं टरफल वापरतात, त्यात मुळात पाणी कमी असतं. खार आटवून त्याचं मीठ करा आणि बाहेरून गोळीवर चढवा. फिरत्या पॅनमध्ये थरावर थर, बदामावर साखर चढवतात तसंच. ते काम मिठाईवाल्यांचंच, आम्ही त्यांच्याकडून उचललं. वरची चकाकी हवी असेल तर लाखेची. तीही दोन्हीकडे चालते.

कोनाचं टोक जमेल. लोण्याला दीड मिनिट देणं मला जमणार नाही. सुपाच्या वाफेला माझा पाठिंबा.

दुसऱ्याच्या ताटातला काप हा तांत्रिक प्रश्न नाही, वितरणाचा आहे. प्रत्येक डबीत एक गोळी जास्त टाकायची आणि डबीवर दुसऱ्याचं नाव छापायचं.

पानगळ

इतका वेळ नुसती वाचत होते. हौसेच्या धाग्यावर विरस नको, पण शेंगदाण्याची गोळी निघाली तर तिचा आकार-रंग पूर्ण वेगळा ठेवा आणि नाव मोठ्या अक्षरांत. आमच्याकडे एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. बाकी सगळ्यांना जे प्रमाण किंचित ते त्याला किंचित नसतं. आणि लहान मुलांच्या घरात औषधाच्या स्ट्रिपसारखी दिसणारी खाऊची स्ट्रिप नकोच. मुलं त्यातून भलतंच शिकतील.

चमचाभर

@पानगळ, विरस कसला, बरं झालं लिहिलंत. शेंगदाणा वेगळ्या डबीत, चौकोनी, लाल पट्टी. आणि स्ट्रिप बाद, सगळं घट्ट झाकणाच्या बाटलीत, ज्या मोठ्यांनासुद्धा उघडत नाहीत त्यातल्या.

@कोटिंगपॅन, कड आणि मीठ मंजूर. भुग्याचंही मंजूर, पण कॅप्सूल उघडून ओतताना थोडा सांडला तर तो बोटाने टिपून खाल्लेला चालेल, की तो वाढीव डोस धरायचा? कागदात लिहायला हवं.

कोटिंगपॅन

सांडलेला माल आमच्याकडे वजन करून नष्ट करतात आणि रजिस्टरला नोंद करतात. तुम्ही टिपून खा. फक्त नोंद ठेवा.